खंडारे सरांनी न ठेवलेलं नाव

अकोल्याहून अमरावतीला रोज अपडाऊन करणाऱ्यांची एक वेगळीच जमात असते. सकाळी डबा घेऊन पळायचं, ठरलेल्या बोगीत ठरलेल्या बाकावर बसायचं आणि मूर्तिजापूर येईपर्यंत कोणाच्या तरी मुलीचं लग्न जमवायचं, नाहीतर मोडायचं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवायला लागले आणि या जमातीत सामील झाले. पहिल्याच दिवशी समोरच्या बाकावर एक उंच, सावळा, हडकुळा माणूस डोळे मिटून बसला होता. कानात इअरफोन आणि उजव्या हाताचं एक बोट हवेत. मधूनच ते बोट हलकेच खाली यायचं, पुन्हा वर जायचं.

मला वाटलं, गाण्यातला दर्दी दिसतो. मी कौतुकानं विचारलं, "कोणता राग आहे?"

त्यांनी एक इअरफोन काढून माझ्या हातावर ठेवला. पाण्याचा धो धो आवाज आणि त्यातून टिक्, टिक् टिक्, असं काहीतरी.

"नर हाय," ते म्हणाले. "बाईले बोलावून राहिला."

माझी खंडारे सरांशी ओळख झाली ती अशी. ते आमच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. गाडीतला हमाल, टीसी, आलुबोंडेवाला, सगळे त्यांना 'बेंडूकवाले सर' म्हणत आणि सर त्या हाकेला बिनतक्रार ओ देत. त्यांचे बेडूक आपल्या विहिरीतले नव्हेत. दक्षिणेकडे सह्याद्रीत बारमाही हिरवी जंगलं आहेत, तिथल्या ओढ्यांकाठी झाडांवर राहणारे, अंगठ्याएवढे बेडूक. उन्हाळ्यात कूलरला पाणी मिळवताना ज्याच्या नाकी नऊ येतात त्या अकोल्यातल्या माणसाने पाण्यातल्या बेडकांवर आयुष्य घालवावं, याची गाडीत रोज थट्टा व्हायची. सरांचं उत्तर ठरलेलं असे. "चंद्राचा अभ्यास करणारे काय चंद्रावर रायतात?"

त्यांचं एक वाक्य तर इतकं कानावर पडलं होतं, की आम्ही झोपेतही म्हटलं असतं. "कुठं रायते ते विचारू नका, अंडी कुठं घालते ते विचारा." मला गणितवालीला त्यांनी ते समजावलं ते असं. फार वर्षांपूर्वी कोणा साहेबाने बाटलीत बुडवलेला एक बेडूक पाहिला. बोटांच्या टोकांना चकत्या दिसल्या, म्हणून त्याला झाडावरच्या बेडकांच्या एका जुन्या कुळात टाकून दिलं. त्या कुळातले बाकी बेडूक पानावर फेसाचं घरटं करून त्यात अंडी घालतात. सरांचा बेडूक मात्र राहायचा झाडावर, पण अंडी घालायला उतरायचा थेट वाहत्या ओढ्यात आणि ती खडकाला चिकटवून द्यायचा. सरांचं म्हणणं, हा त्या घरातला नव्हेच. याचं कूळच निराळं आहे आणि त्या कुळाला अजून नाव नाही.

हा नियम ते माणसांनाही लावत. आमच्यातल्या पोस्टातल्या वानखडेभाऊंच्या मुलीला एक स्थळ आलं. मुलाचा पुण्यात फ्लॅट, गाडी, कंपनीत मोठा हुद्दा. सगळी बोगी खूष. सर डब्यातला ठेचा भाकरीला लावत म्हणाले, "हे तं सारं रायन्याचं झालं. अडचण आली तं तो पोरगा पयते कोणाकडं, हे विचारलं काय?" वानखडेभाऊ चिडले. म्हणाले, "सर, माही पोरगी बेंडूक नाई." पण घरी जाऊन त्यांनी चौकशी केली असावी. पुढच्या आठवड्यात ते त्या स्थळाबद्दल काही बोलेनात आणि सरांना मात्र आपल्या डब्यातलं आलुवांगं वाढू लागले.

एकदा आमच्या न्हाणीघरात बेडूक शिरला. सासूबाई मिठाचा डबा घेऊन त्याच्यावर चालून गेल्या. मी घाबरून सरांना फोन केला. ते सायकलवर आले, न्हाणीघरात बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ आतून काही आवाज नाही. सासूबाईंनी मला विचारलं, "माणूस बरा हाय ना?" शेवटी दार उघडून सर म्हणाले, "काकू, झाडबेंडूक हाय. गरीब हाय. पाऊस आला की जाते."

"बाई हाय का माणूस?" सासूबाईंनी विचारलं.

"माणूस. याइच्यात बाई बोलत नाई, नुसती आयकते. अन् पसंत पडला तं जाते, नाई तं नाई."

"बरं हाय बापा त्याइचं," सासूबाई म्हणाल्या आणि मिठाचा डबा परत नेऊन ठेवला. त्या उन्हाळ्यात आमच्या न्हाणीघरात बेडूक राहिला आणि त्याच्याविरुद्ध घरात कोणाला ब्र काढता आला नाही.

पावसाळा आला की सर रजा टाकून घाटात जात. पदरचे पैसे, पदरची छत्री. परत येत ते पायांवर जळवांचे डाग घेऊन. खंडारेवहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. बोलायला फटकळ. त्या म्हणत, "लोकं बायकोले घेऊन काश्मीरले जातात. आमचं येडं एकटं जाते आन् जळवाइले रक्त पाजून येते." असं म्हणत म्हणत त्याच त्यांच्या पिशवीत मिठाची पुरचुंडी आणि तंबाखूची पानं बांधून देत. जळवा सुटाव्यात म्हणून.

बाकीचं सगळं काम सरांनी कधीच पुरं केलं होतं. हाडं तपासली, आवाज मोजले, एका मोठ्या प्रयोगशाळेतून जनुकांची तपासणी करून घेतली. सगळा पुरावा एकच सांगत होता, कूळ निराळं. कोणीही दुसरा असता तर तेवढ्यावर निबंध छापून मोकळा झाला असता. सर अडून बसले होते ते बेडकाच्या पोरासाठी. त्या जोरकस पाण्यात त्याचं पिल्लू टिकतं कसं, त्याचं तोंड कसं आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. "पोर पाह्यल्याशिवाय खानदान कसं सांगू?" ते विचारत. मी म्हणायची, "सर, सिद्धता पूर्ण झाली की खाली रेघ मारायची असते." ते हसत. पुन्हा पुढचा पावसाळा यायचा, ओढ्याला लोंढा असायचा, सर काठावर भिजत उभे राहायचे आणि हात हलवत परत यायचे. मला त्यांचा रागच यायचा. एवढा हुशार माणूस आणि एका एवढ्याशा पिल्लाच्या हट्टापायी सगळं अडवून बसलेला.

मग एका पावसाळ्यात ते लंगडत गाडीत चढले. घोट्याला पट्टी होती आणि चेहरा असा, की कोणाला वाटावं घरी नातू झाला. बसण्याआधीच त्यांनी फोन काढला. आम्ही सगळे डोकी एकत्र करून बघायला लागलो. काळा खडक, त्याच्यावरून धबाधबा जाणारं पाणी आणि त्या पाण्यात एक चिमुकलं पोर, तोंडाने खडक घट्ट धरून बसलेलं. वरून सगळा ओढा जात होता. ते हलत नव्हतं.

"पाह्यलं?" सर म्हणाले. "तोंडानं धरते. सोडत नाई." वानखडेभाऊंनी बडनेऱ्याला सगळ्या बोगीला आलुबोंडे खाऊ घातले.

त्याच पंधरवड्यात बंगळुरूच्या एका तरुण शास्त्रज्ञाचा निबंध प्रसिद्ध झाला. तोच बेडूक, तेच कूळ, नवं नाव. पिल्लाचा त्यात पत्ता नव्हता, जनुकांवरून काम भागवलं होतं. पण नाव आधी ज्याचं छापलं जाईल, कूळ त्याचं. पुढे कायमचं त्या नावाला त्याचंच आडनाव जोडलेलं राहणार. सरांनी ते पानन् पान गाडीत बसून वाचलं. आम्ही कोणी रोजचा पत्त्यांचा डाव मांडला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"चांगलं केलं पोरानं," ते म्हणाले. "आता पिल्लाचं मी लिहितो. त्याचं म्हणनं पक्कं होईन."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "सर, तुम्ही ठरवलं होतं का नाव?"

"होतं ना."

"काय?"

"जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

गोष्ट इथे संपली असती तर मी आयुष्यभर नशिबाला शिव्या देत राहिले असते. पण सर कामाला बसले की बारीकसारीक तपासल्याशिवाय राहत नसत. पिल्लावरचा निबंध लिहिताना त्या बंगलोरवाल्याने दिलेलं नाव त्यांनी जुन्या सूच्यांमध्ये शोधून पाहिलं. त्यांचा हा शिरस्ताच होता. सगळ्या प्राण्यांत मिळून कुळाचं एक नाव एकदाच वापरता येतं. बेडकाला दिलेलं नाव आधी कुठल्या किड्याला, गोगलगायीला दिलेलं असेल तर नंतरचं बाद. आणि एका जुन्या, धुळीत पडलेल्या जर्मन ग्रंथात सरांना ते सापडलं. अगदी तेच नाव कोणीतरी फार पूर्वी एका पतंगाला देऊन ठेवलं होतं. बंगलोरवाल्याने संगणकावर शोधलं असणार, पण तो ग्रंथ तिथे कोणी चढवलेलाच नव्हता. अशी चूक या एकाच धंद्यात होऊ शकते.

म्हणजे बेडकाचं कूळ पुन्हा बिननावाचं झालं होतं. आणि जो नवं नाव छापील, ते त्याचं.

ही बातमी त्यांनी आम्हाला मूर्तिजापूरच्या अलीकडे सांगितली. बोगीत एकच गलका झाला. "आता छापाच सर!" "देवानं डाव परत देल्ला!" वानखडेभाऊ तर उभे राहिले. मी म्हटलं, "सर, दोन ओळींचं तर काम आहे. तुमचं नाव तयार आहे. टाका छापून."

"असं नाई करत," सर म्हणाले. "रिवाज हाय. आधी त्याले सांगाव लागते. वर्षभर थांबाव लागते. त्यानं नाईच देल्लं तं मंग कोणीबी द्यावं."

"रिवाज मोडला तर शिक्षा काय?"

"काई नाई."

"मग?"

"मंग काय? म्हणूनच तं रिवाज हाय."

मला इतका संताप आला. मी त्यांना काय काय बोलले. तुमचा भिडस्त स्वभाव नडतो, जग असं चालत नाही, त्याने कधी तुम्हाला विचारलं होतं का, इत्यादी. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्या आजोबाचं नाव माहीत हाय तुमाले? उकंडा. पाटलाकडं कामाले गेला लहानपनी, तं तिथं कोणीतरी म्हणलं, हा उकंडा. उकिरडाच म्हना. तेच चालू झालं. मतदार यादीत उकंडा, मरनाच्या दाखल्यावर उकंडा. आता त्याच्या मायनं पोराचं काही नाव ठेवलं असंल ना? चांगलंच ठेवलं असंल. थे कोठी गेलं? कोणालेच ठाव नाई. छप्पन साली धम्म घेतला, अन् त्याच्या मागून आमच्या बापानं आपल्या पोराइची नावं आपल्या मनानं ठेवली. आमच्या घरात पहिल्यांदा." थोडं थांबून ते म्हणाले, "तो बेंडूक त्या पोरानं जगापुढं आनला. मी नाई आनला. मी पोर पाहत बसलो. आता त्याचं नाव गेलं म्हणून मी माहं ठेवून देऊ?"

खरं सांगायचं तर मला लाज वाटली, आणि तरीही वाटत होतं की सरांनी छापावं.

त्यांनी गाडीतूनच बंगळुरूला फोन लावला. हिंदीत सांगितलं की तुमचं नाव पतंगाचं निघालं, ग्रंथाचं पान पाठवतो, लवकर नवं द्या. मग त्या मुलाने विचारलं असावं की तुम्ही मला का सांगताय, कारण सर म्हणाले, "मेंढक आपका है ना."

त्या मुलाने आभार मानले आणि पुढे काहीच कळवलं नाही. एक महिना गेला, चार गेले. बहुधा तो परदेशी जायच्या गडबडीत होता. इकडे सरांचा जीव वरखाली. तिसऱ्याच कोणाच्या लक्षात आलं तर? त्याने रिवाज पाळला नाही तर? स्वतःच्या निबंधासाठी ज्यांनी कधी घाई केली नाही, ते सर त्या पोरासाठी तारखा मोजू लागले. दोनदा त्यांनी आठवण केली. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "सवतीच्या पोराचं बारसं करून राहिलं आमचं येडं."

वर्ष सरत आलं तेव्हा एका संध्याकाळी परतीच्या गाडीत त्याचा फोन आला. गाडीच्या खडखडाटात ऐकू येईना म्हणून सरांनी आवाज मोठा केला. तो म्हणत होता, "सर, नाम आप दीजिए. आप जो कहेंगे वही छापूँगा. नहीं तो आपके नाम पे रख देता हूँ."

सगळी बोगी सरांच्या तोंडाकडे बघू लागली. वानखडेभाऊ हाताने खूण करत होते, बोला, बोला. मी अक्षरशः देवाचा धावा केला. सरांचे ओठ हलले. मी शपथेवर सांगते, ते नाव त्यांच्या जिभेवर आलं होतं.

"नहीं नहीं," ते म्हणाले. "आप ही रखिए. सिर्फ पहले देख लेना, किसी और का तो नहीं है."

नवं नाव छापून आलं. उच्चारायला जड होतं. सरांनी ते तीन-चारदा म्हणून पाहिलं आणि म्हणाले, "जमते." निबंधाच्या शेवटी आभारात सरांचा एका ओळीत उल्लेख होता. त्यानंतर सरांचा पिल्लावरचा निबंध आला, त्या जड नावाखाली आणि त्या मुलाचं आडनाव व्यवस्थित लिहून. वर्गात मुलांना शिकवतानाही सर ते आडनाव कधी गाळत नसत.

पुढे सर निवृत्त झाले. कॉलेजात समारंभ झाला, शाल, नारळ, भाषणं. भाषणं करणाऱ्या निम्म्या लोकांना त्यांनी काय केलं ते ठाऊक नव्हतं आणि उरलेल्यांनी त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं. संध्याकाळच्या गाडीत आम्ही शेवटचे समोरासमोर बसलो. शाल त्यांनी घडी करून पिशवीत ठेवली होती, नारळ मांडीवर होता. वानखडेभाऊ मूर्तिजापूरला उतरून गेले, त्यांची मुलगी आता तिथे दिली आहे. बाहेर पराटीची, म्हणजे कपाशीची, शेतं मागे पळत होती. मला वाटलं, आज विचारलं नाही तर पुन्हा कधीच विचारता येणार नाही.

"सर, ते नाव काय होतं?"

मला वाटलं, हसून उडवून लावतील. त्यांनी नारळ बाजूला ठेवला, पुढे वाकले आणि सांगितलं. एकदाच. लहान मुलाचं नाव आत्या पाळण्यात वाकून सांगते ना, तेवढ्या आवाजात. मग म्हणाले, "तुमी लिहिता काईबाई मॅडम. हे लिहू नका. छापलं की दोन नावाइचा घोय होते. त्या पोराच्या नावाले उगीच एक जोड नको."

म्हणून ते इथे लिहीत नाही. वाहत्या पाण्यावरून होतं, एवढंच सांगते. मी मराठीत, संस्कृतात, कुठे कुठे शब्द वाचले असतील, पण इतका बरोबर बसलेला शब्द क्वचित भेटला. मला एकदम रडू फुटलं. गणिताची बाई मी, एका बेडकापायी भर गाडीत रडत होते आणि सर गोंधळून मला पाण्याची बाटली देत होते.

अकोल्याला वहिनी स्टेशनवर आल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सर त्यांच्या हातात नारळ देऊन पुढे जिन्याकडे निघाले, आपल्या लांब टांगा टाकत, कोणी मागे राहिलंय का ते न बघता. वहिनींनी माझे डोळे पाहिले.

"सांगतलं काय तुमाले?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मानेनंच हो म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं. "तुम्हाला माहीत नाही?"

"मी कधी विचारलंच नाई. त्याइच्या तोंडातून नाव निघालं असतं अन् मंग त्याइले ते परत आत ठेवता आलं नसतं." त्या थोडा वेळ जिना चढणाऱ्या सरांच्या पाठीकडे बघत राहिल्या. "चांगलं होतं?"

"फार चांगलं होतं, वहिनी."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. पदराने त्यांनी नाक पुसलं, नारळ काखेत घेतला आणि "अहो, थांबा ना जरा!" असं ओरडत त्या जिन्याकडे धावल्या.